बिनपगारी रिसर्चसाठी २१ लाखांचं कर्ज काढून अमेरिकेला जावं का?

इंटर्न_उदगीर | ११ नोव्हेंबर २०२५, रात्री ११:५२

नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात इंटर्नशिप करते आहे, ती पुढच्या जूनमध्ये संपेल. गाव उदगीरजवळ. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, दोन वर्षांनी रिटायर होतील. धाकटा भाऊ बारावीला आहे. घरचं आधीच सांगून टाकते, कारण माझा प्रश्न शेवटी पैशांपाशी येऊन थांबतो.

मला स्किनमध्ये (त्वचारोगात) पीजी करायचं आहे आणि जमलं तर अमेरिकेत. थर्ड इयरच्या पोस्टिंगला एक ऊसतोड करणारी बाई आली होती. मांडीपासून कमरेपर्यंत गजकर्ण. मेडिकलवाल्यानं दिलेली ट्यूब आठ महिने लावत होती. सासूला तेच, दोन्ही पोरांना तेच, आणि घरात ट्यूब एकच. मॅडमनी त्या ट्यूबमध्ये काय काय असतं ते आम्हाला दाखवलं. तेव्हापासून सुट्टी असली तरी मी स्किन ओपीडीत जाऊन बसते.

स्टेप १ (अमेरिकेत रेसिडेन्सी म्हणजे तिकडचं पीजी करायला लागणाऱ्या परीक्षेचा पहिला टप्पा) पास झाले आहे. स्टेप २ चा अभ्यास चालू आहे. सगळे सिनियर एकच सांगतात, की स्टेप १ चे मार्क जानेवारी २०२२ पासून बंद झाले, आता नुसतं पास की नापास, त्यामुळे बाहेरच्या मुलांना वेगळं दिसायचं असेल तर रिसर्च पाहिजेच. म्हणून गेल्या पाच महिन्यांत मी १४० मेल पाठवले. सहा उत्तरं आली, त्यातली पाच नकाराची. सहावं एका विद्यापीठाच्या डर्मेटॉलॉजी विभागातलं. एक वर्ष रिसर्च फेलो म्हणून या, पगार नाही, जे-१ (शैक्षणिक देवाणघेवाणीच्या) व्हिसाची कागदपत्रं आम्ही देऊ, पण दर महिन्याला २,००० डॉलर या हिशेबानं वर्षाचे पैसे बँकेत दाखवा. २४,००० डॉलर. आजच्या भावानं २१ लाखांच्या वर जातात, तिकीट आणि इन्शुरन्स वेगळा.

शिक्षणकर्ज मिळत नाही, कारण हा कोर्स नाही आणि डिग्रीही नाही. बाबा म्हणाले, "दोन एकर गहाण टाकू, त्यात काय एवढं." ते इतकं सहज म्हणाले की त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसरी गोष्ट लिहायला जड जातं आहे. एका ग्रुपवर पेपरात नाव विकत मिळतं. तिसरा ऑथर १२ हजार, पहिला ४० हजार. माझ्या एका बॅचमेटनं नऊ पेपर असे घेतले. तो म्हणतो, तिकडच्या स्किनमध्ये मॅच झालेल्यांची, म्हणजे रेसिडेन्सीची जागा मिळालेल्यांची, सरासरीच वीसच्या वर आहे, तू एक-एक पेपर लिहीत बसलीस तर म्हातारी होशील. मला हे पटत नाही. पण पुढच्या वर्षी तो आत आणि मी बाहेर असं झालं तर काय, ही भीतीही खरी आहे.

आणि सरकारी कॉलेजचा बाँड आहेच. एक वर्ष सरकारी सेवा, नाहीतर १० लाख भरायचे.

जाऊ का? की आधी बाँड करू? इथे बसून काही करता येतं का? उत्तर कडू असलं तरी चालेल.

---

बार्शीची_पॅथॉलॉजिस्ट | १२ नोव्हेंबर २०२५, सकाळी ९:१५

तुझी पोस्ट ड्युटी संपवून घरी येताना वाचली आणि स्टॉप आल्यावर उतरायचं राहिलं. सहा वर्षांपूर्वी मी हेच केलं होतं, म्हणून जरा लांब लिहिते.

ऑगस्ट २०१९ मध्ये मी अशाच एका बिनपगारी जागेवर आले. आईचे दागिने आणि मामांकडून घेतलेले सात लाख. मलाही स्किनच हवं होतं. तळघरात एक खोली, चार जण मिळून स्वयंपाकघर, आणि लॅबपर्यंत चालत चाळीस मिनिटं, कारण बसचा मासिक पास परवडत नव्हता. याचं मला काही वाटत नव्हतं. वाटलं ते कामाचं. चौदा महिन्यांत मी १,१०० रुग्णांच्या फाइली वाचून त्यांची माहिती रेडकॅप नावाच्या संगणक प्रणालीत भरली. ज्यांच्या नावावर लॅब होती ते पीआय मला या काळात तीन वेळा भेटले. ज्या पोस्टडॉकच्या (पीएचडीनंतरच्या संशोधकाच्या) हाताखाली मी होते तो मध्येच दुसरीकडे नोकरीला गेला. मार्च २०२० मध्ये लॅब बंद झाली आणि दोन पेपर त्याच्या लॅपटॉपमध्ये अर्धवट राहिले. माझ्या हाती लागलं एक पोस्टर, त्यावर पाचवं नाव माझं. त्या वर्षी मी स्किनला अर्ज केला. एकही इंटरव्ह्यू आला नाही.

पीआयनी शिफारसपत्र दिलं होतं. त्यात काय लिहिलं होतं ते मला कधीच कळणार नाही, पण ज्या माणसानं मला तीनदा पाहिलं तो लिहून लिहून किती लिहिणार?

नंतर दुसऱ्या राज्यात एका डर्मॅटोपॅथॉलॉजिस्ट (कातडीचे नमुने मायक्रोस्कोपखाली तपासणाऱ्या) बाईंकडे रिसर्च असिस्टंटची जागा मिळाली. पगार बेताचा होता, पण होता. दर गुरुवारी त्या मला शेजारी बसवून दोन डोक्यांच्या मायक्रोस्कोपवर स्लाइड दाखवायच्या. तीन महिन्यांत त्यांना कळलं की मी कुठे अडखळते आणि कुठे नाही. तिथे दहा महिन्यांत माझे दोनच पेपर झाले, पण दोन्हींचा पहिला शब्द ते शेवटचं टेबल मी लिहिलेलं होतं. त्यांनीच मला स्पष्ट सांगितलं, की स्किनमध्ये परदेशी पदवीवाले बोटावर मोजण्याइतकेच शिरतात, पण तुला कातडीच आवडते ना, तर पॅथॉलॉजीतून डर्मॅटोपॅथॉलॉजीला जाता येतं. आणि एका प्रोग्रॅम डायरेक्टरला त्यांनी स्वतः फोन केला. मार्च २०२२ मध्ये मी पॅथॉलॉजीत मॅच झाले. आता चौथं वर्ष चालू आहे, जुलैत डर्मॅटोपॅथॉलॉजीची फेलोशिप सुरू होईल.

पहिल्या चौदा महिन्यांत मी कष्ट कमी केले नव्हते. उलट जास्तच केले. फरक एवढाच, की दुसऱ्या ठिकाणी माझं काम बघणारं माणूस होतं. अमेरिकेत रिसर्चला ये म्हणतात त्याचा खरा उपयोग हाच आहे. तुला ओळखणारा, तुझ्यासाठी फोन उचलणारा एक माणूस तयार होणं. पेपर त्या वाटेवर होतात.

म्हणून त्या विभागाला हो म्हणण्याआधी मेल करून विचार. तुमच्याकडे याआधी किती परदेशी फेलो होते, ते आज कुठे आहेत, त्यातल्या दोघांशी मला बोलता येईल का? चांगली लॅब ही नावं अभिमानानं देते. टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समज. माझ्याकडे नक्की कुठला प्रोजेक्ट असेल आणि त्याला आयआरबीची (तिकडच्या एथिक्स कमिटीची) मंजुरी मिळाली आहे का, हेही विचार. मंजुरी नसेल तर वर्षातले पहिले तीन-चार महिने नुसत्या वाट बघण्यात जातात. दर आठवड्याला मी कोणाला भेटणार? ज्यांच्याकडे काम करणार ते रेसिडेन्सीच्या निवडीत बसतात का? आणि सहा महिने काम पसंत पडलं तर पगाराची काही सोय होऊ शकते का? हे विचारणं उद्धटपणाचं नाही. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की मोठ्यांना असं विचारू नये. इथे विचारतात.

कॅलेंडरही बघ. अर्ज प्रोग्रॅमना सप्टेंबरच्या शेवटी दिसतात. तू ऑगस्ट २०२६ मध्ये आलीस आणि सप्टेंबर २०२७ ला अर्ज केलास तर हाती तेरा महिने. एक पेपर लिहून, पाठवून, परत येऊन, सुधारून छापून यायला त्यातलं बरंच आयुष्य जातं. आल्याआल्या काम सुरू होणार नसेल तर अर्जाच्या दिवशी तुझ्या सीव्हीवर सगळं 'पाठवलं आहे' एवढंच असेल.

आता त्या वीसच्या आकड्याबद्दल. आकडा खोटा नाही. एनआरएमपीच्या (मॅच चालवणाऱ्या संस्थेच्या) २०२२ च्या अहवालात डर्मेटॉलॉजीत मॅच झालेल्या अमेरिकन एमडी विद्यार्थ्यांची सरासरी २०.९ होती. पण ते वीस पेपर नव्हेत. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट, पोस्टर, कॉन्फरन्समधली भाषणं आणि छापलेले पेपर, सगळं एकत्र मोजलेलं असतं. एकच काम आधी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट, मग पोस्टर, मग पेपर म्हणून तीनदा येतं. हे कोणी सांगत नाही आणि त्या आकड्याच्या धास्तीवरच नावं विकणाऱ्यांचा धंदा चालतो.

ती नावं घेऊ नकोस. ऑथर कोणाला म्हणावं याचे आयसीएमजेईचे (वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या समितीचे) नियम आहेत. कामात भरीव वाटा, लिखाणात किंवा त्याच्या दुरुस्तीत हात, अंतिम मसुद्याला संमती आणि छापलेल्या मजकुराची जबाबदारी, या चारही गोष्टी लागतात. शेवटची सगळ्यात जड. पेपर मागे घेतला गेला तर तुझं नाव पबमेडवर (वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीत) त्या शिक्क्यासकट आयुष्यभर राहील, आणि अर्जात खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर ईसीएफएमजी (बाहेर शिकलेल्या डॉक्टरांना प्रमाणपत्र देणारी संस्था) आणि एनआरएमपी दोघांकडेही कारवाईचे अधिकार आहेत.

गेल्या हंगामात आमच्याकडे एक मुलगा इंटरव्ह्यूला आला. आमच्यात रेसिडेंटही उमेदवारांशी बोलतात. त्याच्या सीव्हीवर सतरा पेपर. मी त्यातला एक वाचून गेले होते आणि सहज विचारलं, तुलनेचा गट कसा निवडलात? तो गप्प बसला. मग म्हणाला, ते काम दुसऱ्या टीमनं बघितलं. आपल्याच भागातला मुलगा होता, बोलण्यात सोलापूरकडचा हेल होता. पोरगं हुशार होतं हे दिसत होतं, आणि ते सतरा पेपर नसते तर आमचं बोलणं छान झालं असतं. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

आणि जमीन गहाण टाकू नकोस. हे मी मोठी बहीण म्हणून सांगते. २०२५ च्या मॅचमध्ये परदेशी नागरिक असलेल्या, बाहेर शिकलेल्या डॉक्टरांपैकी साधारण ५८ टक्क्यांना जागा मिळाली, आणि ती सगळ्या शाखा मिळून. अमेरिकन एमडी विद्यार्थ्यांचं प्रमाण ९३ टक्क्यांच्या वर होतं. नुसत्या स्किनचं चित्र याहून कितीतरी कठीण आहे. वडील रिटायर होणार त्याच वर्षी त्यांच्या डोक्यावर हे कर्ज नको. पगाराची जागा मिळेपर्यंत थांब. ती मिळते, उशिरा मिळते, पण मिळते.

---

एडिसन_जोशी | १२ नोव्हेंबर २०२५, रात्री ८:०५

मी डॉक्टर नाही. गेली सतरा वर्षं इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, एका विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात काम करतो, म्हणून फक्त व्हिसापुरतं सांगतो.

रिसर्चसाठी मिळतो तो जे-१ 'रिसर्च स्कॉलर' आणि रेसिडेन्सीसाठी मिळतो तो जे-१ 'फिजिशियन', हे दोन वेगळे. पहिल्याचा डीएस-२०१९ हा व्हिसासाठी लागणारा फॉर्म विद्यापीठ देतं, दुसऱ्याचा ईसीएफएमजी. रिसर्च स्कॉलर म्हणून जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं. पण एकदा तो कार्यक्रम संपवून परत गेलीस, की पुढचे २४ महिने त्याच प्रकारात पुन्हा येता येत नाही. हे मुलांना कोणी सांगत नाही. चुकीच्या लॅबमध्ये सहा महिने काढून कंटाळून घरी गेलेली मुलं पुढच्या वर्षी चांगली संधी आली की आमच्याकडे येतात आणि आमचे हात बांधलेले असतात. लॅब पसंत नसेल तर कार्यक्रम चालू असतानाच दुसऱ्या विद्यापीठात ट्रान्सफर मागायची. बार्शीच्या ताईंनी तेच केलेलं दिसतं. रेसिडेन्सीच्या जे-१ ला हा २४ महिन्यांचा नियम आड येत नाही.

जे-१ संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची जी अट काहींवर असते तिच्याबद्दल जुनी माहिती फार फिरते. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं ही अट कोणत्या देशांच्या लोकांना लागते त्याची नवी 'कौशल्य यादी' काढली आणि भारत त्या यादीतून बाहेर पडला. त्यामुळे स्वतःच्या पैशानं येणाऱ्या रिसर्च स्कॉलरवर आता त्या यादीमुळे अट बसत नाही. सरकारी पैसा असेल तर बसू शकते. रेसिडेन्सीच्या जे-१ वर मात्र ही अट नेहमीच असते, यादी काहीही असो.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर रेसिडेन्सी करू असं मनात असेल तर त्याला आधी स्टेप ३ लागते, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचा भार जाहीर झाला आहे. त्या आशेवर हिशेब मांडू नकोस. आणि पर्यटक व्हिसावर येऊन लॅबमध्ये काम कर, असं कोणी सुचवलं तर तिथेच थांब. पुढे व्हिसाच्या प्रत्येक मुलाखतीत ते निघेल.

---

वर्ध्याचे_सर | १३ नोव्हेंबर २०२५, सकाळी ७:३०

गेली बावीस वर्षं विदर्भात स्किन शिकवतो. तुझ्या पोस्टमधली ऊसतोडीची बाई वाचली आणि लिहायला बसलो. सगळे तुला रिसर्च शोधायला सांगत आहेत. तुझ्या हातात तो आधीच आहे.

२०२० मध्ये जपानमधल्या संशोधकांनी नेपाळ आणि भारतातून आलेल्या रुग्णांच्या गजकर्णातून एक बुरशी वेगळी काढली आणि तिला ट्रायकोफायटन इंडोटिनिआई असं नाव दिलं. नावातच आपला देश आहे. टर्बिनाफिन या बुरशीवरच्या औषधाला ती अनेकदा दाद देत नाही, कारण ज्या एन्झाइमवर ते औषध काम करतं त्याच्या जनुकातच बदल झालेला असतो. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनं न्यूयॉर्क शहरातले पहिले दोन रुग्ण जाहीर केले. त्यातल्या एका बाईनं अलीकडे कुठलाही परदेश प्रवास केलेला नव्हता. म्हणजे तिकडच्या डर्मेटॉलॉजिस्टना जे आता नव्यानं दिसू लागलं आहे, ते तुझ्या ओपीडीत दर मंगळवारी रांगेत उभं असतं.

आणि त्या ट्यूबमध्ये क्लोबेटासोल हे तीव्र स्टेरॉइड असतं, सोबत बुरशीचं औषध आणि वर एक अँटिबायोटिक. खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून बाई तीच ट्यूब पुन्हा घेते, आणि बुरशी आत पसरत राहते. २०१८ मध्ये सरकारनं अशी चौदा स्टेरॉइड मलमं शेड्युल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. गावात काय होतं ते तू बघितलंच आहेस.

तुला जनुकांची तपासणी करायची गरज नाही, आणि तुझ्या कॉलेजात ती सोय नसेलही. एक साधा अभ्यास मांड. गजकर्ण घेऊन येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला विचारायचं, आधी काय लावलं, कोणी दिलं, किती दिवस, घरात आणखी किती जणांना आहे, कपडे आणि टॉवेल वेगळे आहेत का. खरवडून केओएच (मायक्रोस्कोपखाली बुरशी बघायची साधी तपासणी) करायचं. मायक्रोबायोलॉजीची तयारी असेल तर कल्चर, म्हणजे बुरशी वाढवून बघणं. नुसत्या कल्चरवर ही प्रजाती तिच्या जवळच्या भावंडांपासून नीट ओळखू येत नाही, तेवढं पेपरात स्पष्ट लिहायचं. चांगले नमुने जमले तर चंदीगडच्या पीजीआयमध्ये रोगकारक बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, तुझ्या मॅडम तिथे विचारू शकतील. ऊसतोड कामगारांची टोळी हा स्वतंत्र गट म्हणून बघितलास तर आणखी चांगलं. ऑक्टोबर ते मार्च एका कोपीत (झोपडीत) सहा जण राहतात, पाणी कमी, कपडे वाळत नाहीत. हे पुण्यातल्या कॉलेजातल्या मुलाला सहज दिसणार नाही.

एक गोष्ट मात्र आधी कर. एथिक्स कमिटीची परवानगी मिळाल्याशिवाय एकाही रुग्णाची माहिती जमवायची नाही. आधी माहिती आणि मग परवानगी असा उलटा प्रकार अनेक ठिकाणी चालतो. त्यातून पेपर होतही असेल, पण तो मनाला लागून राहतो. संमतीपत्र मराठीत, आणि फोटोसाठी वेगळी संमती. लिहिताना स्ट्रोबची यादी (अशा अभ्यासाच्या पेपरात काय काय यायला हवं त्याची) समोर ठेव.

डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम तुला माहीत असेल. कोकणात विंचवाच्या दंशानं माणसं मरत होती. महाडच्या परिसरात राहून त्यांनी एकेका रुग्णाची नाडी, रक्तदाब, घाम, सगळं लिहून ठेवलं. ते काम लॅन्सेटमध्ये छापून आलं. रक्तदाबाचं प्राझोसिन हे औषध त्यांनी विंचूदंशावर वापरलं आणि नुसतं प्राझोसिन विरुद्ध प्राझोसिनसोबत विंचवाची प्रतिलस अशी त्यांची रीतसर चाचणी २०११ मध्ये बीएमजेत प्रसिद्ध झाली. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडे मोठी लॅब नव्हती. रुग्ण होते आणि वही होती.

बाँडचं वर्ष तुझ्या जिल्ह्यातच मागून घे. पीएचसीत असलीस तरी अभ्यास चालू ठेवता येईल, फक्त परवानगीच्या कागदात ते केंद्र आधीच घाल. पगार मिळेल, १० लाख वाचतील, स्टेप २ होईल. आणि एक सांगतो, नीट-पीजीचा फॉर्मही भर. स्किन इथेही पहिल्या काही हजारांतच जातं, सोपं नाही, पण दार उघडं ठेवायला काय हरकत आहे?

---

इंटर्न_उदगीर | ३० नोव्हेंबर २०२५, रात्री १०:२०

उशिरा लिहिते आहे, कॅज्युअल्टी पोस्टिंग होतं.

बार्शीच्या ताईंचे प्रश्न जसेच्या तसे इंग्रजीत करून त्या विभागाला पाठवले. पाठवताना हात थरथरत होता. नऊ दिवसांनी उत्तर आलं, तेही कोऑर्डिनेटरकडून. आधीच्या फेलोंची माहिती देता येणार नाही, प्रोजेक्ट आल्यावर ठरेल, पगाराची शक्यता नाही. आयआरबीबद्दल आणि पीआयच्या भेटीबद्दल एक शब्दही नव्हता. मी आभार मानून नकार कळवला. १४० मेलमधला एकुलता होकार स्वतःच्या हातानं सोडताना रडू आलं. पण बाबांना फोन केला आणि जमिनीचं राहू द्या म्हटलं, तेव्हा ते जरा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "हरभरा पेरला आहे तिथं, बरा उगवलाय." इतकंच.

सरांची पोस्ट छापून मॅडमना दाखवली. त्यांनी दोनदा वाचली. मग कपाटातून २०१९ च्या एका पीजीचा अर्धवट राहिलेला तसाच प्रोटोकॉल काढून दिला. मायक्रोबायोलॉजीचे सर केओएच आणि कल्चरला तयार आहेत. एथिक्स कमिटीची बैठक १९ डिसेंबरला आहे, कागद १० तारखेपर्यंत द्यायचे. रुग्णांना विचारायची प्रश्नावली मी मराठीत केली आहे. दोन ओळखीच्या ऊसतोड बायांना नुसती वाचून दाखवली, भाषा कळते का ते बघायला. 'स्टेरॉइड' त्यांना कळत नाही, 'ट्यूब' कळतं, आणि एक म्हणाली, "ताई, कोणी दिली विचारू नका, किती रुपयांची ते विचारा, मग बाया सांगतील." तो प्रश्न आता तसाच घातला आहे.

बॅचमेटला मी काही बोलले नाही. त्यानंच विचारलं, तुझ्या अभ्यासात मला घेशील का? मी म्हटलं, मंगळवारी सकाळी नऊ वाजता ओपीडीत ये, खरवडायला शिकवते. पहिल्या मंगळवारी तरी आला होता.

एक विनंती आहे. नमुन्याचा आकार किती घ्यायचा त्यात मी अडकले आहे. मॅडम १५० म्हणतात, पण का १५०, हे मला लिहिता येत नाही. ताई, प्रोटोकॉल एकदा बघाल का?

---

बार्शीची_पॅथॉलॉजिस्ट | ३० नोव्हेंबर २०२५, रात्री ११:४८

पाठव, आजच पाठव. तुला मेसेज केला आहे, त्यात माझा मेल आहे.

१५० चं कारण असं काढतात. आधीच्या एखाद्या भारतीय अभ्यासात किती टक्के रुग्णांनी स्टेरॉइडची ट्यूब वापरली होती ते घे, आणि तुझा अंदाज किती टक्क्यांनी इकडेतिकडे झाला तर चालेल ते ठरव. त्यावरून सूत्रानं आकडा येतो. तो १५० पेक्षा जास्त आला तर मॅडमना तसं सांग, त्या रागावणार नाहीत. घरटी एकच रुग्ण मोजायचा की घरातले सगळे, हेही आधी ठरवावं लागेल, कारण एका कोपीतले सहा जण म्हणजे सहा वेगळे रुग्ण नाहीत. तुझ्या अभ्यासात मला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात छान वाटलं ते हेच.

रविवारी माझे सकाळचे नऊ म्हणजे तुझे संध्याकाळचे साडेसात. व्हिडिओवर बसू. मॅडमना वेळ असेल तर त्यांनाही बोलाव, आणि तो मंगळवारी आलेला मुलगा असेल तर त्यालाही.